बाभूळ क्रमांक दोनशे चौदा

शिरूर, रविवार

प्रिय स्वप्नाली,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागदावर आलो. माझं अक्षर पाहून कपाळाला हात लावशील, पण या वेळी शेवटपर्यंत वाच. तुझ्या आईकडून कळलं, कुरकुंभच्या कंपनीत तुला सकाळची पाळी असते. दौंडहून बस वेळेवर मिळते का? जेवणखाण विचारत नाही, तो हक्क मी केव्हाच घालवला.

माझं तेच चाललंय. घोडनदीच्या काठाने शिरूरकरांसाठी चालायचा रस्ता होणार आहे. तीन किलोमीटर, बाकडी, दिवे, सगळं. त्याच्या पर्यावरण परवानगीचं काम आमच्या ऑफिसकडे आलं आणि गावचा माणूस म्हणून साहेबांनी मलाच पाहणीला धाडलं. चार महिने नदीकाठ तुडवला. पूररेषेच्या खुणा केल्या, पक्षी मोजले (खंड्या आणि बगळ्यापुढे माझी मजल जात नाही, तुला ठाऊकच आहे), झाडांवर पिवळ्या रंगाने आकडे टाकले. एक कडुनिंब तर दोनदा मोजला.

दोनशे चौदा नंबरच्या बाभळीपाशी मात्र हात चालेना. तिच्या बुंध्याशी तीन दगड आहेत, ते मीच रचलेत. आपली पोरगी आठव्या दिवशी गेली तेव्हा तू दवाखान्यात सलाइनवर होतीस. एवढ्याशा जिवाला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि बाप्येच जातात. चुलते गेणबाआप्पा पुढे, मी मागे, माझ्या हातात दुपट्यात ती. परतताना आप्पांनी बजावलं, “आईला जागा दावायची न्हाई, पोरा. तिचा जीव तितंच अडकून ऱ्हातो.” मी ऐकलं. तू वर्षभर विचारत राहिलीस आणि मी नदीकडे बोट करून विषय बदलत राहिलो. मग तू विचारणं सोडलंस आणि बॅग भरलीस. मी मात्र दर रविवारी तिथे जाऊन बसायचो, एकटाच. माझ्या दुःखाला जागा होती, तुझ्या दुःखाला नव्हती. याहून मोठा अन्याय मी कुणावर केला नसेल.

अहवालात एक प्रश्न असतो, मार्गात स्मशान, दफनाची जागा, देवस्थान आहे काय. तिथे मी ‘निरंक’ लिहिलं. ‘आहे’ लिहिलं असतं तर चौकशी झाली असती, कुणाचं मूल, कधी पुरलं, हे सांगावं लागलं असतं. जे तुला सांगितलं नाही ते साहेबांना कोणत्या तोंडाने सांगू? माझ्या त्या एका शब्दावर फाइल पुढे सरकली. आराखड्यात रस्ता नेमका त्या बुंध्यावरून जातो. गेल्या आठवड्यात झाडं तोडायची नोटीस लागली, हरकती शुक्रवारपर्यंत घेणार आहेत.

हरकतीचा अर्ज समोर घेऊन बसलोय. अहवाल खोटा दिला हेही त्यात कबूल केलंय. नोकरी जाईल, जाऊ दे. रस्ता दहा फूट सरकला तरी खूप झालं. बाभूळ पुलाच्या खालच्या अंगाला, पडक्या पंपघराच्या पलीकडे आहे. एकटी आलीस तरी सापडेल. मला भेटायचं नसेल तर भेटू नकोस, पण तिच्याकडे जाऊन ये. हरकत दफनाच्या जागेवरून असेल तर अर्जात मृताशी नातं विचारतात, तिथे ‘वडील’ लिहिलं. त्याच्या वरचा रकाना नावाचा आहे. बारशाला चार दिवस उरले होते. नाव तू ठरवलं होतंस, पण आधी आत्याच्या कानात सांगेन म्हणून मला काही कळू दिलं नव्हतंस. तो रकाना कोरा आहे. शुक्रवारच्या आत तिचं नाव कळव.

तुझाच,
ज्ञानेश