तळघराचा गार्डन फ्लॅट

लीड्स, मंगळवार

प्रिय आई,

तीन आठवडे पत्र टाळलं, कबूल. घरदलालाकडे नोकरी लागलीय. घर नाही, पत्ताही न बघताच जाहिरात लिहायची. कोंदट खोलीला ‘कोझी’ म्हणायचं, तळघराला ‘गार्डन फ्लॅट’. मालक म्हणतात, “खरं लिहिलंस तर उपाशी मरशील, लेका.”

तुझा खोकला कसा आहे? ईस्टरला माझ्याकडेच ये. नऊ पायऱ्या उतराव्या लागतात, ओलही आहे थोडी, पण शेगडी चांगली आहे.

परवा एका तळघराची जाहिरात लिहिली. कोण गाढव फसतंय बघू, म्हणून सगळे हसलो.

आत्ताच दार वाजलं. तीच जाहिरात घेऊन एक म्हातारी ट्रंकेसकट उभी आहे. मागून घरमालकीण ओरडतेय, “आवर आल्फी, ही खोली आता यांची.”

म्हातारी मला विचारतेय, बाग कुठल्या बाजूला आहे.

तुझा,
आल्फी