आमचे पाच

मंगळवार, १६ सप्टेंबर

वकीलबाईंनी सांगितले म्हणून लिहायला घेतले. नाहीतर सत्तरी उलटल्यावर मला रोजनिशीचे काय काम! त्यांचे म्हणणे — एडीला कधी आणले, कधी सोडले, कोण काय बोलले, सगळे तारीखवेळेनिशी टिपून ठेवा. खरे तर हे डेमियनने लिहायचे. मुलगी त्याची, भांडण त्याचे. पण तो म्हणाला, "आई, तू शाळेत जन्मभर हजेऱ्याच घेतल्यास, तूच लिही." आणि फोन ठेवला.

तर नोंद. डेमियन माझा मुलगा. उत्तरेला कोळशाच्या खाणीवर चौदा दिवस काम, मग सात दिवस घरी. त्याची घटस्फोटित बायको किर्स्टी राज्याच्या हद्दीपलीकडे मरविलंबाला राहते. एडी नऊ वर्षांची, तिच्याजवळ. आता किर्स्टीच्या नव्या माणसाला ऑल्बनीच्या बंदरावर नोकरी मिळते आहे, आणि ती एडीला घेऊन तिकडे निघाली आहे. देशाच्या दुसऱ्या टोकाला! चार हजार किलोमीटर. नोव्हेंबरात दोघांना मध्यस्थापुढे बसायचे आहे. तोवर आमच्या हातून एकही चूक होता कामा नये. वकीलबाईंचे शब्द — "एका मिनिटाचा उशीर झाला तरी ती तो तुमच्याविरुद्ध वापरेल."

वापरेलच. मी किर्स्टीला ओळखते.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

डेमियनने एडीला परस्पर कबूल केले — सुट्टीत गोल्ड कोस्टच्या राइड पार्कला न्यायचे. कोणत्या दिवशी? रविवार, पाच ऑक्टोबर! शाळांची सुट्टी, त्यात लाँग वीकेंड, सोमवारी राजाच्या वाढदिवसाची रजा. अख्खे क्वीन्सलंड त्या दिवशी तिथे उभे असणार. मी म्हटले, एडी आठवडाभर माझ्याकडे आहे, मी तिला बुधवारी नेते, कुत्रेसुद्धा नसेल. तर म्हणे, माझ्याशिवाय नको. हा खाणीवरून येणार शनिवारी. आणि रविवारी संध्याकाळी पाचला एडीला हद्दीपलीकडे, चिंडेराच्या पेट्रोल पंपावर, किर्स्टीच्या हवाली करायचे. जूनमधल्या कोर्टाच्या आदेशात तसे लिहिलेच आहे.

म्हणजे "बापाच्या आठवड्या"तला बापाचा दिवस एकच. तोही रांगेत.

मंगळवार, २३ सप्टेंबर

वेळापत्रक केले. रांगेला हरवायचे तर डोके लागते, पाय नव्हेत.

दार उघडायच्या चाळीस मिनिटे आधी हजर. आत शिरल्यावर सगळे उजवीकडे वळतात — आपण डावीकडे, थेट पार्कच्या मागच्या टोकाला, तिथून उलटे पुढे. मोठा रोलरकोस्टर पहिल्या तासात. जेवण अकराला, बाराला नव्हे. दुपारी मिरवणूक निघते तेव्हा लोक रस्त्याच्या कडेला गर्दी करतात. त्या वीस मिनिटांत पाण्याची राइड. सँडविच घरचे, बाटल्या आदल्या दिवशी गोठवलेल्या. तीन पन्नासला बाहेर, चार दहाला गाडी सुरू, पाचला पाच कमी असताना चिंडेरा.

डेमियनला फोनवर वाचून दाखवले. हसला. "आई, आपण मजा करायला चाललोय, परेडला नाही." मजा! दीड तास उन्हात उभे राहण्याला हे लोक मजा म्हणतात.

रविवार, २८ सप्टेंबर

एडीला काल पाच वाजता चिंडेराला घेतले. किर्स्टी चार पन्नासपासूनच येऊन थांबलेली. मला "मिसेस ऑर्टन" म्हणाली. अकरा वर्षे ग्लेनिस म्हणायची! एडीची पिशवी देताना तिच्या दम्याच्या पंपाबद्दल तीच तीच सूचना तीनदा. जणू मी मुले कधी पाहिलीच नाहीत.

बुधवार, १ ऑक्टोबर

आज पार्कमध्ये गर्दी नसती. लिहून ठेवते.

शनिवार, ४ ऑक्टोबर

डेमियन दुपारच्या विमानाने आला. एडी दारातच त्याच्या गळ्यात पडली. जेवला आणि सोफ्यावर झोपला, बूट न काढता. एडी शेजारी बसून त्याच्या बुटांची नाडी सोडवत होती.

संध्याकाळी किर्स्टीचा निरोप, माझ्या फोनवर — "उद्या पाच वाजता. आमचे पाच."

आमचे पाच म्हणे! काय ही भाषा. पाच हेही आता तिच्या मालकीचे झाले. मुलगी आमची, वेळ आमची. मी उत्तर दिले नाही. डेमियनला वाचून दाखवले, तो म्हणाला, "सोड ना आई, ती तशीच आहे."

रविवार, ५ ऑक्टोबर

संध्याकाळ. आत्ताच घरी आले. क्रमाने लिहिते.

सकाळीच वेळापत्रक मोडले. डेमियन उठेना. तीन हाका, मग एडीने जाऊन पांघरूण ओढले. दाराशी पोचलो ते उघडून अर्धा तास झाल्यावर. बाहेरच माणसांची नागमोडी रांग. मोठ्या रोलरकोस्टरच्या पाटीवर ऐंशी मिनिटे! डेमियन म्हणाला, जादा पैसे भरून आगाऊ पास घेऊ, रांग टळेल. मी म्हटले, तीस वर्षे मी मुलींना रांगेत उभे राहायला शिकवले, आता पैसे टाकून लोकांच्या पुढे जाऊ? एडीने माझी बाजू घेतली याचे मला नवल वाटले.

रांगेत एक टोळके मधून घुसू लागले. "आमची माणसं पुढे उभी आहेत." मी म्हटले, मग त्यांना मागे बोलवा, सोबत होईल. मागचे लोक हसले. टोळके मागे गेले. एडी कानापर्यंत लाल झाली आणि हळूच म्हणाली, "आजी, तू भयंकर आहेस."

मग उभे. आणि उभे. डेमियन आणि ती कुठल्याशा खेळात नंबरप्लेटची अक्षरे जुळवत होते, गाड्या नव्हत्या म्हणून लोकांच्या टोप्यांवरची. तो तिला खाणीतल्या ट्रकच्या चाकाची उंची सांगत होता — आजीच्या दोन पट. मी पाटीकडे बघून म्हटले, अजून पन्नास मिनिटे, हद्द झाली. एडी म्हणाली, "मला रांग लांब आहे तेच बरं वाटतंय. रांगेत बाबाला कुठे जाताच येत नाही."

मी पाटीकडे बघणे सोडून दिले.

बाकीचे वेळापत्रक मी रेटून पार पाडले. अकराला जेवण, मिरवणुकीच्या वेळी पाण्याची राइड — अकरा मिनिटांत नंबर लागला! डेमियनचा फोन दिवसभर पार्कच्या अॅपवर रांगांच्या वेळा बघून बंद पडला होता. माझा मी गाडीच्या खणात ठेवला होता. राइडवर फोन नेऊन कोणाचे भले झाले आहे? चार वाजून दहा मिनिटांनी गाडी सुरू. खण उघडला तर किर्स्टीचे दोन फोन येऊन गेलेले. पाच वाजायला पाऊण तास, आणि फोन सुरू! मी चिडून फोन उपडा ठेवला. वाटेत आणखी चारदा वाजला. डेमियन म्हणाला, "घे ना." मी म्हटले, कोर्टाने पाच म्हटले आहे, पाचला बोलेन.

चार पंचावन्नला चिंडेरा. माझी जिंकायची वेळ. डेमियन गाडी लावत होता आणि माझी नजर पंपाच्या फलकावर गेली. पेट्रोलच्या भावाखाली वेळ दिसते. पाच पंचावन्न.

ऑक्टोबरचा पहिला रविवार. हद्दीपलीकडे आज पहाटे घड्याळे तासभर पुढे केली. आम्ही क्वीन्सलंडवाले करत नाही, आणि घरी बसून आम्हाला त्याची आठवणही होत नाही. आदेश जूनमधला, तेव्हा दोन्हीकडे वेळ एकच होती. पन्नास वर्षांपूर्वी गणितात पदवी घेतलेली मी! प्रत्येक राइडची मिनिटे मोजली, आणि अख्खा तास विसरले. आमचे पाच. तिने सरळ सांगितले होते.

किर्स्टी गाडीजवळ उभी होती. मी ओरडण्याची वाट पाहत होते. खरे लिहायचे तर तिने ओरडावे असेच मला वाटत होते. ती आधी एडीकडे गेली, तिचे खांदे धरून वरपासून खालपर्यंत पाहिले. एडीने विचारले, "आई, आम्हाला उशीर झाला का?"

किर्स्टीने माझ्याकडे पाहिले, मग आपल्या गाडीत वाकली. तिथले घड्याळ तिने अजून बदललेले नव्हते. म्हणाली, "नाही गं. हे बघ, चार पंचावन्न. आजी कधी उशिरा येते का?"

मी स्वच्छतागृहाचे निमित्त करून आत गेले. गल्ल्यावर माझ्याच वयाची एक बाई होती. तिने विचारले, "सापडली ना तिची माणसं? ती पावणेपाचपासून इथे आहे हो. तीनदा आत येऊन विचारून गेली, मोटरवेवर अपघात झालाय का."

बाहेर आले तेव्हा किर्स्टी एडीचा पट्टा लावत होती. मला माफी मागायची होती. तोंडातून निघाले ते एवढेच — हिची टोपी मागच्या सीटवर राहिली आहे.

"ग्लेनिस," ती म्हणाली, "पांढऱ्याफटक पडल्या आहात. पाणी पिऊन मग निघा."

सोमवार, ६ ऑक्टोबर

रजा. एडीची बाटली फ्रीजमध्ये राहिली.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

डेमियनने वकीलबाईंना फोन केला. उडतच माझ्याकडे आला. त्याच्या डोक्यात आले आहे ते असे — किर्स्टीने स्वतः एडीसमोर चार पंचावन्न कबूल केले. म्हणजे आम्ही वेळेवर. उलट ती आधीपासून उभी होती याला पुरावा नाही, तेव्हा तिच्या राज्याच्या घड्याळाने तीच तासभर उशिरा आली असे दिसते! वकीलबाईंना माझ्या सहीचे निवेदन हवे आहे, कारण मी तिथे होते आणि "मिसेस ऑर्टन यांच्या शब्दाला वजन आहे." आम्ही किती वाजता पोचलो आणि किर्स्टी काय म्हणाली, एवढेच. त्याहून जास्त विचारले नाही. डेमियनने बाकीचे सांगितलेच नसणार.

मी त्याला पंपावरच्या बाईचे सांगितले. किर्स्टी सव्वा तास तिथे उभी होती.

"ती बाई मध्यस्थापुढे येणार आहे का?"

बुधवार, ८ ऑक्टोबर

आज पुन्हा आला. या वेळी हळू आवाजात. "आई, मी तुला खोटं लिहायला सांगत नाही. तिने जे म्हटलं तेवढंच लिही. त्यात खोटं कुठे आहे?"

कुठेच नाही. हेच! एकेक वाक्य खरे. मुख्याध्यापिकेच्या खोलीत असल्या खऱ्या वाक्यांचे गठ्ठे घेऊन येणाऱ्या मुली मी तीस वर्षे पाहिल्या. एकीलाही सोडले नाही. आणि आता माझ्याच स्वयंपाकघरात माझाच मुलगा.

मी त्याला विचारले, तिने ते घड्याळ का दाखवले असे तुला वाटते? तो म्हणाला, "ठाऊक आहे मला. पण ती एडीला घेऊन चाललीय. वर्षातून दोनदा दिसेल ती. तुला तर स्क्रीनवरच."

मी त्याला घराबाहेर काढले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. तो गाडीत बसून रडत होता ते मी पडद्याआडून पाहिले आणि गेले नाही. राग त्याचा येतो. स्वतःचा त्याहून येतो — तो फोन मी उपडा ठेवला, त्याने नव्हे. आणि किर्स्टीचा सर्वांत जास्त! ती चार शब्द ओरडली असती तर आज मला काही ठरवावे लागले नसते.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

चार कागद फाडले. पाचवा ठेवला.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

सकाळी नऊ दहा. वकीलबाईंच्या कचेरीत, त्यांच्या हाती दिले — माझ्या सहीचे एक पान. मजकूर: ५ ऑक्टोबरला आम्ही एडीला पंचावन्न मिनिटे उशिरा पोचवले. किर्स्टीने वेळ आदल्या दिवशी कळवली होती, ती मी वाचली होती. तिचे सहा फोन आले, मी घेतले नाहीत. किर्स्टी वेळेआधी हजर होती आणि मुलीसमोर तिने आम्हाला सांभाळून घेतले. वकीलबाईंनी पान दोनदा वाचले आणि विचारले, हे खरेच द्यायचे आहे का. होय म्हटले.

सकाळी नऊ चाळीस. दुसरी प्रत किर्स्टीला, मरविलंबाला, रजिस्टर टपालाने. पावती घेतली.