बत्तीस दाते

१८ नोव्हेंबर १९९६, सोमवार

नाही बसणार टेम्पोत! एकदा झालं तेवढं पुरे.

दुपारी बँकेत मधुकर सगळ्यांदेखत म्हणाला, "यंदा सापुताऱ्याच्या सायकल सहलीला ताराबाईंची जागा टेम्पोत राखून ठेवू." सगळे हसले. मीही हसले, त्याचाच जास्त राग येतोय. गेल्या वर्षी घाटाच्या दुसऱ्याच वळणावर पॅडल फिरेना, सायकल थांबली आणि मी आडवी. सोबत आलेल्या माझ्या भावानं, योगराजदादानं, लहान पोरीसारखं उचलून मागून येणाऱ्या टेम्पोत केळ्यांच्या टोपल्यांशेजारी बसवलं. चाळिशीच्या बाईला!

डावा पाय पोलिओचा. तो काही जाड होणार नाही. म्हणजे बदलायची ती सायकल.

२० नोव्हेंबर

जेवताना दादाला विचारलं, मागे मोठं चक्र बसवलं तर? माझ्या सायकलीचं मागचं सगळ्यात मोठं चक्र चोवीस दात्यांचं. दाते जास्त असले की पाय जास्त वेळा फिरतो, पण जोर कमी लागतो.

दादा म्हणाला, "मग चालतच जा की! सायकल कशाला?" आणि मग हळूच, आईसारखं अहिराणीत, "तुले जमाव नही, तारा." प्रेमानंच म्हणाला. त्याचं प्रेम असंच असतं, हातातली पिशवी काढून घेणारं.

पुष्पावहिनी वाढत होती. मला जास्तीची भाकरी वाढली.

२४ नोव्हेंबर, रविवार

स्टेशनजवळच्या तीन दुकानांत नाही. चौथ्यात मिळालं – जाड टायरच्या गियरवाल्या सायकलीचं, बत्तीस दात्यांचं! दुकानदार म्हणाला, "बेन, आ तो छोकराओनी सायकलनुं छे." म्हटलं, असू दे पोरांचं, माझ्या चाकावर बसतंय ना? बसलं.

२५ नोव्हेंबर

तोंडावर पडले. सुरतेत चढ म्हणजे तापीचा पूल, दुसरा आहे कुठे? मोठ्या चक्रावर चेन चढवली, ती पलीकडे घसरून आऱ्यांत अडकली. कोपर सोललं. एक रिक्षावाला "लागलं का" विचारायचं सोडून सायकलच बघत बसला.

२६ नोव्हेंबर

कोपर सुजलंय. चेनही तोकडी पडते.

१ डिसेंबर, रविवार

पुन्हा दुकानात. चेन ओढून धरणारा मागचा लांब दांडाही त्याच जातीच्या सायकलीचा हवा होता, जुना लहान दांडा एवढं चक्र पेलत नाही. तो बदलला, चेनला कड्या जोडल्या, चेन पलीकडे जाऊ नये म्हणून स्क्रू पिळला. पुलावर पाच फेऱ्या. चेन एकदाही पडली नाही!!

फक्त फारच हळू जाते. एक पाववाला हात दाखवून पुढे गेला.

९ डिसेंबर

मधुकरनं सायकल पाहिली. "एवढा हलका गियर? चढता चढता तुमची पापडीची शेंग न् शेंग सोलून होईल!"

म्हटलं, होऊ दे. घरी आल्यावर उंधियूच करीन.

रोज सकाळी पूल. डाव्या पायात गोळे येतात. वहिनी तेल गरम करून ठेवते.

२१ डिसेंबर, वघई

इथवर सगळेच टेम्पोनं आलो, सगळ्या सायकली टपावर. उद्या घाट. दादा तीनदा म्हणाला, "दमलीस तर नुसता हात कर." तिन्ही वेळा हो म्हटलं. पण हात करायची नाही.

२२ डिसेंबर, सापुतारा

हात दुखतोय, पण लिहायलाच हवं.

शामगहाननंतर खरा चढ लागला. दादा माझ्यासोबत राहायला बघत होता, पण त्याच्या जड गियरवर एवढं हळू चालवताच येईना. हँडल डुगडुगायला लागलं. शेवटी वैतागून पुढे गेला. मी एकटी.

एकटी नाही. डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली इथल्या डांग मुलखातली एक म्हातारी शेजारून चालत होती. तिचा आणि माझा वेग एकच! "पाय असा कशानं?" तिनं सरळ विचारलं. सुरतेत असं कुणी विचारत नाही, नुसतं बघतात. सांगितलं, लहानपणी ताप आला होता. "हां," म्हणाली, आणि मग तिच्या बकरीबद्दल सांगत राहिली. वळणं कधी गेली कळलं नाही. ती पायवाटेनं वळली, तेव्हा जाणवलं, अजून सीटवरच आहे मी.

पुढची वळणं फार वाईट. डोळ्यांपुढे काळं आलं. डावा पाय नुसता पॅडलबरोबर फिरत होता, काम उजवाच करत होता. थांबले असते तर पडले असते, म्हणून थांबले नाही.

शेवटच्या वळणावर टेम्पो उभा, दादा सायकल बाजूला लावून, दार उघडून. माझ्याकडे बघत होता. मी पुढ्यातून गेले. बोलायला श्वास नव्हता. मागे दार लावल्याचा आवाज आला.

वर सगळ्यांची जेवणं झाली होती. मी शेवटची. मधुकरनं पानात भात वाढून दिला, विनोद न करता. दादा खूप वेळानं आला. डोळे लाल. "धूळ होती घाटात," म्हणाला.

३० डिसेंबर, सोमवार

आमच्या बँकेच्या डांगातल्या आहव्याच्या शाखेत जायला कुणी तयार नाही. आज मॅनेजरसाहेबांना म्हटलं, मी जाते. एकटी राहीन. घरी अजून सांगितलं नाही.

साहेब म्हणाले, "ताराबेन, डांग आहे तो. तिथं सगळा चढच."

म्हटलं, बघून आले.