मोकळे कोन

९ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांचा ताप उतरला, पण छातीतलं पाणी हटत नाही. उन्हाळा दिसेल असं धरून चालू नका, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. परिचारिकेशी भांडण मात्र रोजचं. उशी तिरकी ठेवली म्हणून काल तिला त्यांनी भूमिती शिकवली.

फोनवर नीट सांगता आलं नाही ते लिहिते. न्यूट्रिनो नावाचे कण इतके हलके का, तर त्यांच्यामागे न दिसणारे जड कण आहेत, असं बाबांचा सिद्धान्त म्हणतो. या दोघांचं नातं समीकरणात मांडताना मोजलेलं सगळं वापरलं, तरी काही कोन मोकळेच उरतात. ते कितीही फिरवा, न्यूट्रिनोची मोजमापं हलत नाहीत. बाबांनी सोयीसाठी ते शून्य धरले आणि हळूहळू निसर्गच तसा आहे असं मानू लागले. त्यावरूनच त्यांनी भाकीत केलं, की म्युऑन नावाचा कण क्वचित मोडून त्यातून इलेक्ट्रॉन आणि प्रकाश निघेल. प्रयोगाचा निकाल लागला. काहीही निघालं नाही.

आता त्यांच्या पट्टशिष्याने, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, तेच कोन फिरवून भाकीत प्रयोगाला दिसणारच नाही इतकं खाली आणलंय आणि सिद्धान्त तरला असा लेख केलाय. पहिलं नाव बाबांचं, शेवटचं माझं. त्यांच्या वतीने संमतीची सही मी करायची. बाबांना निकाल माहीत नाही. विभागप्रमुख म्हणतात, शेवटचे दिवस सुखाने जाऊ देत. काय करू?

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
बुटकी


१४ फेब्रुवारी

चि. बुटकीस अनेक आशीर्वाद.

तुझं गणित मला निम्मं कळलं, लबाडी पुरती कळली. मी जन्मभर कारखान्यांच्या फाटकांवर उभी राहून बोलले. संप जिंकला तरी आपलाच विजय आणि फसला तरी आपलाच विजय म्हणणारे पुढारी मी पाहिलेत. जे कशानेच हरत नाही, ते काही सांगतच नाही! हे मला दादानेच शिकवलं. माझं पहिलं भाषण ऐकून तो म्हणाला होता, की तू चुकलीस हे कशावरून कळेल ते आधी सांग, मग टाळ्या घे.

मरणाऱ्याला खोटं पाजणं ही दया नव्हे. तो जिवंत असतानाच त्याला मोडीत काढणं आहे. जा, सांग त्याला. आदळआपट करेल, तुला ढ म्हणेल आणि मग स्वतःच नाव काढायला लावेल. मी ओळखून आहे त्याला. गुडघ्यांनी दगा दिला नसता तर मीच आले असते.

दादाला सांभाळ, स्वतःलाही.
तुझी आत्या


२७ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून आकडे वाचले. कोणता कोन फिरवला ते विचारलं. मग म्हणाले, की नाव राहू दे.

असं फिरवणं म्हणजे काहीच न सांगणं, हे मी त्यांना काय समजावणार? त्यांना ते माझ्याहून चांगलं कळतं. म्हणाले, की खरं बोलायला तुझ्यापुढे पुष्कळ वर्षं आहेत, माझ्याजवळ एवढंच उरलंय. आणि त्यांनी हात जोडले. बाबांनी, मला.

तू म्हणालीस तसं झालं नाही. आता सांग.

तुझी,
बुटकी


५ मार्च

चि. बुटकीस आशीर्वाद.

सभा गाजवायला लागतात तेवढे शब्द माझ्याकडे नेहमीच असतात. आज जुळवायला वेळ लागला. तू विचारलंस म्हणून सांगते: सही करू नकोस. दादा थकला, म्हणून त्याने शिकवलेलं खोटं ठरत नाही. त्याचा राग माझ्यावर ढकल. आत्यानं भरीस घातलं म्हण. ते खरंच आहे.

माझ्यावर राग धरलास तरी पत्र लिहीत जा.
तुझी आत्या


१६ मार्च

ती. आत्यास सा. न.

सही केली नाही. त्यांचं नाव निघालं, माझंही मी काढून घेतलं. हे बाबांना मीच सांगितलं. तुझ्यावर ढकललं नाही.

तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. दुपारी ओठ सुकले होते म्हणून मी पेला धरला, तर तोंड मिटून घेतलं. परिचारिकेच्या हातून लगेच प्याले. आता मी दाराआड पेला भरून देते, ती पाजते.

तुझ्यावर राग नाही. गुडघ्यांचं काहीही असो, ये. त्यांनी कोणाच्या तरी हातचं प्यावं, आपल्यातल्या.

तुझी,
बुटकी