काकांचा रुमाल आणि भिंतीवरचे ठिपके

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरतेस ना? मी खुशाल आहे. खुशाल कसला, पाय जमिनीवर ठरत नाहीत.

स्फटिकातून क्ष-किरण सोडले की ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांवरून आतले अणू कसे रचलेत ते ओळखायचं. हे मी बारा वर्षं खडू आणि लाकडी गोळ्यांवर शिकवतो आहे. मुलं बारा वर्षं जांभया देत आहेत. यंदा एक सॉफ्टवेअर महिनाभर वापरायला मिळालं. माउसने अणू सरकवले की ठिपके लगेच हलतात. ते कायम ठेवायला विभागप्रमुखांची सही हवी, आणि विभागप्रमुख म्हणजे तुझे यजमान. (घरी काका, इथे सर. एकदा चुकून काका म्हणालो, तर आठवडाभर बोलले नाहीत.)

सोमवारी ते पाहायला आले. मी अणू एकमेकांपासून लांब केले, ठिपके जवळ आले. "हे उलटं चालतंय," काका म्हणाले. अगं, ते उलटंच असतं. पण काकांचा विषय रंगरसायनं, आणि मला सही हवी होती. मी मान डोलावली आणि संध्याकाळी बसून सॉफ्टवेअर 'सुलट' करून टाकलं.

मंगळवारी मी तेच वर्गाला दाखवलं, काका पहिल्या बाकावर. मागून एक मुलगी उठली. "सर, हे चुकतंय. गणित मांडलं तर उलटं येतं." काका कडाडले, "मग दाखव करून!" तिने पातळ रुमाल मागितला. काकांनीच आपला दिला, आपला लाल दिव्याचा पॉइंटरही दिला. रुमालातून उजेड गेला आणि भिंतीवर ठिपक्यांची फुली उमटली. तिने कापड ताणलं. धागे एकमेकांपासून लांब झाले, ठिपके जवळ आले. वर्ग ओरडला. काका उठले, रुमाल हिसकावून स्वतः ताणू लागले. "अजून, सर, अजून!" काकांनी अजून ताणला. टर्रकन फाटला. दोन्ही हातांत दोन तुकडे, आणि काका हसताहेत! (तू शेवटचं कधी पाहिलंस?) मी तिथेच सगळं कबूल केलं. "मग काल मुंडी कशाला हलवलीस, गाढवा?" भर वर्गात, अगदी घरच्यासारखं. आणि बाकावरच सही केली.

तुझा भाचा

ता. क. सही एका अटीवर झाली आहे : रुमालाचं तुला कळता कामा नये. तू काठ शिवलेल्या सहांपैकी तो होता. धोब्याकडे हरवला म्हणतील. तू मान डोलाव. ती कशी डोलवायची ते वर लिहिलंच आहे.

ता. क. २. उरलेले पाच कुलपात ठेव. तुझ्या रेशमी ओढणीची वीण किती बारीक आहे, असं काका आज विचारत होते. त्यांना अजिबात देऊ नकोस. शनिवारी गुपचूप माझ्याकडे पाठव. जितकी वीण बारीक तितके ठिपके लांब जातात, आणि आमची भिंत चांगली रुंद आहे.