गालावरची बोटं

दि. ३ मार्च

चि. बारक्यास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुझं पोट सुटलंय असं तुझी बायको लिहिते. दिवसभर स्टुडिओत खुर्चीला चिकटून बसल्यावर दुसरं काय होणार? जरा चालत जा.

आईला जाऊन परवा तीन महिने झाले. घर खायला उठतं. काल तिच्या कपाटातला अल्बम काढून बसले होते. त्यात तू काढलेले आम्हा दोघींचे बारा फोटो आहेत, आणि बाराही फोटोंत माझा भाजलेला गाल सोललेल्या अंड्यासारखा गुळगुळीत! तेव्हा मलाही ते बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? लायब्ररीतसुद्धा बावीस वर्षं मी मागच्या खोलीत फाटकी पुस्तकं चिकटवत बसले, लोकांसमोर यायला नको म्हणून. पण शेवटी आईची नजर गेली, तेव्हा ती तोच गाल चाचपून मला ओळखायची. त्या गालासकट मी तिच्याजवळ बसलेय, असा एक तरी फोटो मला हवाय. मूळ निगेटिव्ह तुझ्याकडे असतील. एवढं कर.

तुझी,
ताई

दि. १४ मार्च

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

चार दिवस सगळे डबे उपसले. ताई, डागासकट असा एकही फोटो नाही. मी प्रिंटवर नाही, थेट निगेटिव्हवरच हात फिरवायचो, आणि पात्याने खरवडलेलं परत येत नाही. एका फोटोत आईने तुझ्या गालावर हात ठेवलाय. तिथला डाग काढताना मी तिची दोन बोटंही पुसून टाकलीत. इतकी वर्षं ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तुझ्यासाठी करतोय, असं मी सगळ्यांना सांगायचो. ते खरं नाही. उकळत्या पाण्याचं पातेलं मी ओढलं होतं, आणि मला ढकलून तू मध्ये आलीस. तो डाग मलाच बघवत नव्हता. तू जन्मात एक गोष्ट मागितलीस, तीही माझ्याच्यानं देववत नाही. काय लिहू?

तुझा,
बारक्या

दि. २७ मार्च

चि. बारक्यास, आशीर्वाद.

राग आला होता, म्हणून उत्तराला उशीर. दोन दिवस तर नुसती रडले. या गालासकट मी आईजवळ आता कुठल्याच फोटोत असणार नाही, हे पचवणं जड गेलं, अजून जातंय. पण तेव्हा तू सहा वर्षांचा होतास रे. तुला ढकलल्याचं मला एक दिवसही वाईट वाटलेलं नाही. तू डाग पुसत बसलास आणि मी तोंड लपवत बसले. दोघंही सारखेच वेडे.

सोमवारी मी लायब्ररीतल्या साहेबांकडून पुढचं काउंटर मागून घेतलं. पुस्तक परत द्यायला आलेल्या एका चिमुरडीने विचारलं, गाल दुखतो का. मी म्हटलं, आता नाही. तिने मान डोलावली आणि दुसरं पुस्तक मागितलं. घरी येताना मला चक्क हलकं वाटत होतं, कितीतरी वर्षांनी. सांगायला आई नव्हती, म्हणून जिन्यातच थोडी रडले.

दुसऱ्या दिवशी एका दुकानात जाऊन मी एकटीचा फोटो काढून घेतला. फोटोवाला म्हणाला, डाग काढून देतो. नको म्हटलं. सोबत पाठवतेय. तुझ्या स्टुडिओच्या दर्शनी काचेत लाव. गिऱ्हाइकांनी विचारलं, तर मान खाली घालू नकोस. ही माझी ताई, एवढंच सांग.

आता आपण दोघंच उरलोय, तेव्हा माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई