बाबांचा थर्मास

१८ फेब्रुवारी

ती. आईस नमस्कार,

सकाळी प्रयोगशाळेत गेले, दुपारी वेळेवर जेवले, आता खोलीवर आले आहे. तब्येत बरी आहे.

परवा फोनवर तू विचारलंस, दवाखान्यात बाबांना चहा न्यायचीस तो थर्मास कुठे दिसत नाही. मी विषय बदलला. तो माझ्याकडे आहे. निघताना तुला न विचारता बॅगेत टाकला.

मी डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी बघते ना, त्यांना आतून बारीक नळ्यांचा आधार असतो. गारठा लागला की त्या नळ्या मोडतात. नमुने वरच्या मजल्यावर नेईपर्यंत दर वेळी तेच व्हायचं. शेवटी थर्मासात कोमट पाणी भरून नमुन्यांच्या बाटल्या त्यात ठेवल्या. आज सूक्ष्मदर्शकाखाली सगळ्या नळ्या सरळ उभ्या होत्या. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "अगं, ही तर नवीकोरी केरसुणी!" मी मोठ्याने हसले. बाबांना जाऊन दोन महिने नाही झाले, आणि मी हसले.

आई, प्रयोगाला वापरलेलं भांडं पुन्हा खाण्यापिण्याला घेता येत नाही. हे मला ठाऊक होतं, तरी नेला. आता तो तुला परत देता येणार नाही. हवं तेवढं रागव, पण अबोला धरू नकोस.

तुझा गुडघा कसा आहे? दादा रात्री लवकर घरी येतो ना?

तुझी,
धाकटी

ता. क. लिहिता लिहिता चहा गार झाला. तो परत गरम करून घेते.